चौतिसानंतर छत्तीस

“बाई, तुमच्या यादीत चौतिसानंतर एकदम छत्तीस कसं काय आलं?” बद्रीनाथ सरांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि लाल-निळ्या पेन्सिलीच्या लाल टोकाने त्या दोन आकड्यांमध्ये एक बारीक फुली मारली. सकाळची शाळा नुकतीच सुटली होती. अकराच वाजले होते, पण एप्रिल संपत आला होता आणि ऑफिसच्या पत्र्याखाली बसवत नव्हतं. “पस्तीस नंबरचं घर पडलंबिडलं का काय?” असं म्हणून सर हसले, त्यांच्या मागे उभे असलेले कारभारी गुरुजी हसले, म्हणून मीही हसले. बद्रीनाथ सर आमचे हेडमास्तर. शेतकऱ्याघरचा माणूस, मनाने चांगला. पेरताना एक तास, एक ओळ मोकळी राहिली तर जेवण गोड लागू नये तसं त्यांना यादीतला एक आकडा सुटला की होतं. मी म्हणाले, “बघते सर, लिहिताना राहिलं असेल.” “राहू द्या हो. उद्या दुपारी कारभारी गुरुजी तुमच्या गल्लीत पडताळणीला येऊनच राह्यले. चार-सहा घरं बघतेत, त्यात पस्तीस बी बघून घेतील. दोन मिन्टाचं काम.” मी मान हलवली आणि यादी परत फाइलला लावून घेतली. खरोखरच दोन मिनिटांचं काम होतं. पस्तीस नंबरचं घर माझं होतं, आणि मी ते सोडलंय हे त्या क्षणापर्यंत, शपथेवर सांगते, मला ठाऊक नव्हतं.

दर उन्हाळ्यात आम्हा शिक्षकांना घरोघर हिंडून सहा ते अकरा वर्षांची मुलं लिहावी लागतात. घर नंबर, मुलाचं नाव, वय, शाळेत जातो की नाही, जात नसेल तर कारण. एकाहत्तरच्या खानेसुमारीला दारांशेजारी गेरूने नंबर घातले होते, चार वर्षं झाली, तेच अजून चालतात. बाकीच्या बाया या कामाला कंटाळतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? मी दारात उभी राहिले की आतल्या बाईचा आवाज बदलतो, कुणीतरी घाईने बाज पुढे ओढतं, बाजेवरची गोधडी झटकतं. हे सुख मला अजून शिळं झालेलं नाही. कारणांचा रकाना तर मला तोंडपाठ आहे: धाकटं भावंड सांभाळते, शेण गोळा करते, मायबाप मजुरीला जातात, अंगावर धड कपडा नाही. मी तो रकाना सुखासुखी भरत नाही. “पोरगी माझ्याकडं द्या अन् कारण तुमच्यापाशी ठेवा,” हे माझं वाक्य गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, माझी नक्कल करतात म्हणे पोरी. चार दिवसांपूर्वी चौतीस नंबरच्या चांगुणाबाईला मी हेच ऐकवलं. तिची आठ वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी होती. चांगुणाबाई म्हणाली, “बोलायला काय जातंय बाई तुमचं,” आणि तिने एकदाच, अगदी सहज, शेजारच्या दाराकडे बघितलं. शेजारचं दार माझं. मी तिची मुलगी लिहिली, फाइल मिटली, पदर सारखा केला आणि छत्तीस नंबरच्या दारात जाऊन उभी राहिले. मधली पंधरा पावलं मी चाललेच असणार. ती मला आठवत नाहीत.

कुंडलिकेच्या पुलावर आले तेव्हा मला सबब सापडली. चौदा एप्रिलच्या आधी आम्ही घराला चुना दिला, त्यात दाराजवळचा नंबर झाकून गेला. सर, भिंतीवर नंबरच नव्हता, म्हणून सुटलं. किती सोपं. आणि खरंही. नदीत पाणी नव्हतं, मधल्या डबक्यात तीन म्हशी बसल्या होत्या, आणि मी पुलाच्या कठड्याला धरून ही सबब दोन-तीनदा मनात म्हणून बघितली. तोंडात बसत होती. अवघड होती ती दुसरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी या शाळेत बदली होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, लेकरंबाळं काय? मी म्हणाले, एक मुलगी आहे, गावाकडे असते, आजीपाशी. कुणी जबरदस्ती केली नव्हती. तोंडातून आलं आणि बाहेर पडल्यावर इतकं हलकं वाटलं, की मला त्या हलकेपणाचीच भीती वाटली होती. तेव्हापासून शाळेत माझी मुलगी गावाकडे असते. सुटीत तिला आणत नाही का, असं विचारलं तर तिला इथलं पाणी मानवत नाही. तिच्यासाठी म्हणून एकदा एका बाईने भोपळ्याच्या बियांचा लाडू दिला, तो मी वाटेत या पुलावरच उभं राहून खाल्ला. उद्या कारभारी गुरुजी माझ्या दारात येतील. आत बघतील. आत खांब आहे, खांबाला माझ्या सासूचं, आत्याबाईंचं, जुनं मऊ लुगडं बांधलेलं आहे, आणि लुगड्याच्या दुसऱ्या टोकाला माझी मुलगी आहे.

माझं नाव शाळेत लिहिताना माझा बा तीन दिवस शाळेच्या ओट्याखाली उभा होता. तीर्थपुरीच्या बाजाराला चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचं खेडं, साल सत्तावन्न, आमची दीक्षा होऊन वर्ष झालेलं. गुरुजी म्हणायचे, उद्या ये पुंजाराम. बा उद्या यायचा. मजुरी बुडायची, माय घरात भांडी आपटायची. तिसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, लिहितो रे संध्याकाळी, जा तू. बा हलला नाही. “आत्ता लिवा साहेब. मला वाचता येत न्हाई, पर लिवताना दिसतंय. माझ्यासमोर लिवा.” मी त्याच्या धोतराला धरून उभी होते. तोवर मला घरात धोंडी म्हणत. बाने सत्यशीला हे नाव पाठ करून आणलं होतं, दोनदा अडखळला, तिसऱ्यांदा नीट म्हणाला. गुरुजींनी लिहिलं. बाने पुढे होऊन त्या ओल्या शाईवर बोट ठेवलं, खरंच लिहिलंय का ते बघायला, आणि नाव फरपटलं. गुरुजी किती ओरडले! पुढे चौथीपर्यंत त्या हजेरीच्या वहीत माझ्या नावाची जुनी ओळ दिसली की तो डाग दिसायचा. बा गेला बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायच्या कामावर, दुपारच्या उन्हात. त्याने माझ्या मुलीला फार तर चार-पाचदा बघितलं. शेवटच्या वेळी तिला मांडीवर घेऊन म्हणाला, “हिला बी तुझ्यावानी मास्तरीण कर.” तेव्हा ती चार वर्षांची होती आणि बोलायचं थांबून तिला दोन वर्षं झाली होती. मी त्याला सांगितलं नाही. तो म्हणाला, “लाजती वाटतं.” मी हो म्हणाले.

घरात शिरले तेव्हा आत्याबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या आणि बेबी खांबाला पाठ लावून, डोळे अर्धे मिटून, स्टोव्हची रिकामी टाकी कानाशी धरून बसली होती. स्टोव्ह पेटला की जो फर्रर्र आवाज येतो त्यासाठी ती जीव टाकते. विझला की त्याच्या आत काही उरलंय का ते ऐकत बसते. तिचं नाव बेबीनंदा. सात वर्षांची आहे, अंगाने नीट, केस दाट, डोळे बापाचे. रस्त्यात कुणी बघितलं तर गोड मुलगी म्हणून गालाला हात लावायला जातं, आणि मग तो हात लागला की जे होतं ते बघून चार पावलं मागे सरतं. तिला भाकरी अख्खी लागते. पापुद्रा फाटलेला चालत नाही, कड मोडलेली चालत नाही. कधी चार-चार भाकरी थापून एक जमते. चमचा पडला तर ती कान झाकते आणि मनगट चावते. तिच्या डाव्या मनगटावर चामडी राठ झाली आहे. ती मला हाक मारत नाही. माझ्याकडे बघत नाही, माझ्या खांद्याच्या थोडं पलीकडे बघते, तिथे जणू कुणी उभं आहे. पहिल्या दोन वर्षांत ती ‘माय’ म्हणायची, ‘पानी’ म्हणायची, बाहेरच्या कुत्र्याला ‘यू यू’ करायची. हे मी आता कुणाला सांगितलं तर मलाच खोटं वाटतं. शब्द आले होते आणि एक-एक करून गेले. कुठे गेले हे विचारायला मी सगळीकडे गेले. वैद्याकडे, दर्ग्यावर, अगदी लपून एका देवऋषीकडेसुद्धा. ते घरात कळलं तेव्हा माझे यजमान, साहेबराव, चार दिवस बोलले नाहीत. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने तिच्या तोंडासमोर किल्ल्या वाजवल्या, गुडघ्यावर हातोडी मारली आणि माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्ही नोकरी करता का?” मी हो म्हणाले. त्याने मान डोलावली, सगळं कळलं अशी. कागदावर काहीतरी इंग्रजीत लिहिलं. परतीच्या गाडीत मी तो कागद उलगडून बघत होते आणि मला वाचता येत होतं, पण समजत नव्हतं. बाचं बरोबर उलटं.

“सोडा तिला,” मी म्हणाले. आत्याबाई उठल्या, गाठ सोडली, बेबीच्या कमरेवर लुगड्याने काही उठलंय का ते बोटाने चाचपलं. त्यांचं नाव द्वारकाबाई, हसनाबादच्या, साहेबरावांची आई. दोन वर्षं झाली, माझ्या नोकरीपायी त्या आपलं घर सोडून इथे राहतायत. त्यांचं लुगडं मऊ आहे म्हणून ते बांधायला घेतलं, दोरीने काचतं. लोकांना वाटत असेल सासू बांधते. चांगुणाबाईला तसंच वाटत असणार. पण पहिली गाठ मी मारली होती. मागच्या पावसाळ्यात बेबी दुपारी घरातून निसटली. मी शाळेतून आले तर आत्याबाई गल्लीच्या तोंडाशी कपाळ बडवत उभ्या होत्या. तिला शोधत मी रेल्वेच्या फाटकापर्यंत गेले. मालगाडी चालली होती आणि बेबी रुळापासून दोन हातांवर उभी राहून चाकं बघत होती. वाऱ्याने तिचा फ्रॉक गाडीकडे ओढला जात होता. ती हसत होती. मी तिला इतकं खुष कधी बघितलेलं नव्हतं, आणि मला धावत जाऊन तिला उचलायचं होतं, आणि मी धावले नाही. किती वेळ? सात डबे, आठ डबे. मी उभी राहिले. मनात काय होतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही, ज्याला समजायचं त्याला समजेल. मग फाटकवाला ओरडला आणि मी धावले. घरी आणून तिला मारलं. हाताने, मग पट्टीने. शाळेत मी कुणाच्या पोराला बोट लावत नाही. ती रडली नाही, कान झाकून बसली. संध्याकाळी मीच आत्याबाईंच्या पेटीतून लुगडं काढलं, खांबाला गाठ मारली आणि तिच्या कमरेला दुसरी. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वर्गात पंचेचाळीस मुलांची हजेरी घेताना माझा आवाज स्वच्छ होता.

दारामागे आत्याबाईंची कापडी पिशवी भरून ठेवलेली होती. उद्या सकाळी आठच्या एस.टी.ने त्या हसनाबादला जाणार होत्या. धाकट्या सुनेचे दिवस भरत आले होते, आता तिकडे जाणं भाग होतं, किती महिने ते सांगता येत नव्हतं. आणि बेबीही त्यांच्यासोबत जाणार होती. हे आठवड्यापूर्वी ठरलं होतं. ठरलं म्हणजे साहेबराव म्हणाले होते, “इथं दिवसभर तिला कोण बघल? तिकडं मोकळं अंगण हाय. सुटीपुरती जाऊ दे,” आणि मी “बघू” म्हणाले होते. आमच्या घरात माझं बघू म्हणजे हो. सुटीपुरती या शब्दावर आम्हा दोघांचाही विश्वास नव्हता. ते तहसिलीत कारकून आहेत, तात्पुरत्या कागदांचं पुढे काय होतं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्या मोकळ्या अंगणात बाभळीखाली एक खुंटा आहे हेही आम्हाला माहीत होतं. सुगीला सगळे रानात जातात. तिथे लुगडं कोण सोडवत बसणार, दावंच असणार. उद्या आठला गाडी सुटली की दुपारी कारभारी गुरुजी येईपर्यंत पस्तीस नंबरच्या घरात सहा ते अकराचं एकही मूल नसणार. माझी चूक चूक राहणार नव्हती. शाळेत मी दोन वर्षं जे सांगत आले तेही खरं होणार होतं, गावाकडे असते, आजीपाशी. एका गाडीत सगळं जागच्या जागी बसत होतं. मला इतकी झोप आली, की मी जेवणाचं ताट समोर असताना भिंतीला टेकून झोपले.

साहेबराव कचेरीतून आले तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांनी चपला काढल्याच नाहीत, बेबीचा हात धरला आणि म्हणाले, “चल.” रोज याच वेळी ते तिला गल्लीतून फिरवून आणतात. मी कधी सोबत जात नाही. मी स्वैपाक करते; म्हणजे स्वैपाक असतोच, पण मी तो त्याच वेळी काढते. आपली मुलगी घेऊन त्या गल्लीतून जायचं, जिथे मी फाइल घेऊन हिंडते, हे मला जमणारं नव्हतं. आज मी कणकेचा हात धुतला आणि म्हणाले, “मी येते.” ते म्हणाले, “ये की. पर तिला मधीच थांबवू नको. तिचं तिचं असतंय ते.” फाइल मी का उचलली ते मला सांगता येणार नाही. सवयीने म्हणा.

त्यांनी तिला गल्लीच्या तोंडाशी नेऊन सोडलं, एक नंबरच्या घरापाशी. तिने भिंतीवरच्या गेरूच्या आकड्यावर बोट ठेवलं, तो एक वरून खाली गिरवला आणि पुढे निघाली. दोन. तीन. चारच्या दारात एक म्हातारा बसला होता, तो न सांगता बाजूला सरकला. मला हे काहीच माहीत नव्हतं. माझी मुलगी रोज संध्याकाळी या गल्लीतल्या प्रत्येक घराच्या नंबरावरून बोट फिरवते, आणि गल्लीला ते माहीत आहे, आणि मला नाही. “पाचच्या फुड बघ आता,” साहेबराव हळूच म्हणाले. सहाच्या भिंतीशी सायकल लावलेली होती, आकडा सायकलीमागे. बेबी थांबली. हुं हुं असा आवाज तिच्या गळ्यातून यायला लागला, मनगट तोंडाकडे गेलं. आतून एक पोरगा पळत आला, सायकल हलवली आणि गेला. तिने सहा गिरवला. “रोज इसरतोय बेटा,” साहेबराव म्हणाले. त्यांच्या तोंडावर काहीतरी होतं जे मी कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. मी विचारलं, “तुम्ही मला सांगितलं नाही कधी?” “काय सांगू? तुला आकडे लिहायचं काम, हिला पुसायचं. म्हणलं हासशील न्हाई तर रडशील.” मग थोडं चालून म्हणाले, “तिकडं खेड्यात एवढे नंबर न्हाईत.”

बावीस, तेवीस. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बाया होत्या, ज्यांना मी चार दिवसांपूर्वी ऐकवून आले होते. कुणी हसलं नाही. एक-दोघींनी माझ्याकडे बघून मान हलवली, दारात फाइल घेऊन जाते तेव्हा हलवतात तशी नाही, साधी. चौतीस नंबरला चांगुणाबाईची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. बेबीने तिच्या अंगाजवळून हात घालून चौतीस गिरवला. मग आमचं घर. मला वाटलं आता ही पुढे जाईल, छत्तीसकडे. माझ्यासारखीच. तिथे काहीच नव्हतं, पांढरी स्वच्छ भिंत, मीच दोन हात दिलेला चुना. बेबी थांबली. दाराच्या डाव्या बाजूला, चौकटीपासून वीतभर अंतरावर, तिने चुन्यावर बोट ठेवलं आणि तीन काढला, मग पाच. त्या जागी चुना झिजून बोटभर मळकट झाला होता. रोज येता-जाता मी तो डाग बघत होते आणि आत्याबाईंना म्हणत होते, पोरं भिंत खराब करतात.

“चुना दिला त्या दिशी लई रडली ती,” साहेबराव म्हणाले. “इथून हालंना. मंग तिनंच हात लावून बघितला. तवापासून लावून राह्यली.”

मी रडले. गल्लीत, उभ्या-उभ्या, तोंडाला पदरही न लावता. बेबीने माझ्याकडे बघितलं नाही, तिला छत्तीसला जायचं होतं. मी तिचा हात धरला, तिने सोडवून घ्यायला ओढला, हुं हुं सुरू झालं. “थांब,” मी म्हणाले, “बेबी, एक मिनिट, हे राहिलंय.” साहेबराव म्हणाले, “काय करून राह्यली तू? जाऊ दे तिला.” मी फाइल उघडली, ओट्यावर टेकवली, पेनचं टोपण दाताने काढलं आणि चौतीस आणि छत्तीसच्या मधे, सरांच्या लाल फुलीवर, पस्तीस लिहिलं. आकडा बघून बेबीचा आवाज थांबला. तिने वाकून त्यावर बोट ठेवलं. शाई ओली होती. तीनचं पोट फरपटत पाचापर्यंत गेलं.

मग मी माझ्या दाराची कडी वाजवली. दार उघडंच होतं. आत्याबाई समोर कंदिलाची काच पुसत होत्या. “काय गं? कडी काय वाजवती?”

“घरात सहा ते अकरा वर्षांची मुलं किती?”

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या साहेबरावांकडे, मग फाइलकडे. मला वाटलं आता म्हणतील, हिचं डोकं फिरलं. त्यांनी काच खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला, गल्लीतल्या बाया घेतात तसा, आणि दारात आल्या. “एक हाय. नात.”

“नाव?”

“बेबीनंदा साहेबराव खरात.”

“वय?”

“सात सरलं.”

“शाळेत जाते का?”

“न्हाई.”

मी लिहीत होते. अक्षर वाकडं येत होतं. पुढचा रकाना आला. हा प्रश्न मी या गल्लीत चाळीस दारांत विचारला होता, कमरेवर हात ठेवून. आता तो तोंडातून निघेना. मग एकदाचा विचारला. “का जात नाही? कारण काय?”

मला त्यांची उत्तरं माहीत होती: मुकी आहे, खुळी आहे, तिला कळत नाही, डॉक्टरने लिहून दिलंय. यातलं कुठलंही मी लिहून घेतलं असतं. त्या म्हणाल्या, “तू नेली न्हाईस म्हून.”

आवाजात राग नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. मग त्यांनी दारामागच्या पिशवीकडे बघितलं. “आता सांग. उद्या सकाळी तू नेतीस, का मी नेऊ?”

साहेबराव बेबीचा हात धरून माझ्या मागे उभे होते. मला उद्याची सकाळ दिसत होती. पंचेचाळीस मुलं एका सुरात पाढे म्हणायला लागली की ती कान झाकेल, मनगट चावेल, किंकाळी फोडेल. बाया दारात जमतील, आणि त्यांतली एक म्हणेल, ही का तुमची गावाकडची? बद्रीनाथ सर चांगले आहेत, तरी तासाभराने मला बाजूला घेऊन म्हणतील, बाई, समजून घ्या. कदाचित एकच दिवस टिकेल. कदाचित एक तास. तिला शाळेत नंबर कुठे सापडतील? वर्गाच्या दारावर एक आहे, घंटेजवळ एक. आणखी काही माझ्या डोक्यात येत नव्हतं. ती बोलणार नाही, मला आई म्हणणार नाही, हे मला त्या दारात उभं राहून पहिल्यांदा पुरतं कळलं, आणि कळूनही मी उभी होते.

मी रकान्यात लिहिलं: आईने नेली नाही. रकाना अरुंद होता, तरी बसलं.

बेबी हात सोडवून छत्तीसकडे गेली, साहेबराव तिच्या मागे. मी आत आले, पिशवीचं तोंड सोडलं आणि आत्याबाईंच्या लुगड्यांच्या घडीतून बेबीचे दोन फ्रॉक बाहेर काढले. त्यांतल्या एकाचं बटण तुटलेलं होतं. मी सुईदोरा घेऊन बसले. शाळा सातला भरते.